जुवाखालचा खांदा

पूर्वी, घाटाला एकच वाट होती आणि मीठ बैलगाडीनेच वर यायचं, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या वाटेवर गाडीवानांचा एक तांडा होता. तांड्याचा एक नियम होता. संध्याकाळी तळ पडला की नाईक स्वतः प्रत्येक बैलापाशी जाई आणि जुवाखालच्या खांद्यावरून हात फिरवी. खांदा गरम लागला तर तो बैल दुसऱ्या दिवशी मोकळा चाले. बैल वाटेत बसला तर सगळा तांडा थांबे. माणूस बसला तर मात्र त्याला हसत आणि उठवत.

सगळ्यांत पुढची गाडी ज्याची, तो गाडीवान अंगाने दणकट होता. चढावर गाणं धरायचा तोच. त्याच्या आवाजावर मागच्या गाड्या चढायच्या.

एका वर्षी त्याचं गाणं बंद झालं.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग दिसू लागलं की तो भाकरी मोडतो आणि तशीच ठेवतो. पहाट व्हायच्या आधीच जागा होतो आणि उजाडलं तरी घोंगडीतून उठत नाही. बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ तुटली, ती त्याने ओवली नाही. घरी बायको म्हणाली, "अहो, काय होतंय तुम्हाला?" तो म्हणाला, "काही नाही." खोटं बोलत नव्हता. काय होतंय त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

तांड्यात थट्टा सुरू झाली.

"का रे, सासऱ्याने सणाला बोलावलं नाही वाटतं?"

"गाणं विकून खाल्लं याने!"

तो हसायचा. हसून झाल्यावर आणखी थकायचा.

नाईक कडक माणूस. त्याने एक दिवस सरळ विचारलं. "घरात दाणा आहे. बायको गुणाची आहे. लेकरं धडधाकट आहेत. मग तोंड कशाला पाडून बसतोस?"

"तेच कळत नाही, नाईक."

"कळत नसेल तर काही झालेलंच नाही. चल, जुंप."

त्याने जुंपली. रोज जुंपत राहिला. त्याला वाटू लागलं की आपण आळशी आहोत, नालायक आहोत, आपल्यावाचून सगळ्यांचं बरं चालेल. असं मनात येऊ लागलं की समजावं, दुखणं खोल गेलंय.

घाटात एक वळण होतं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नुसती दरी. त्या वळणावर एका दुपारी त्याच्या हातातून कासरा गळला. तो गाडीवरून उतरला आणि कडेला जाऊन खाली बघत उभा राहिला.

त्याच्या जोडीत बांड्या नावाचा म्हातारा बैल होता. बांड्या तिथेच, चढावर, गुडघे टेकून बसला.

गाडीवान वळला नाही. तेव्हा बांड्या बोलला. बैल बोलतो का, असं मला विचारू नका. त्या दिवशी बोलला.

"धनी, खाली काय बघताय?"

"काही नाही."

"मग इकडे या. चाकाला दगड लावा, गाडी मागे जाईल."

तो आला. सवयीने आला. दगड लावला.

"मागच्या साली मी असाच बसलो होतो," बांड्या म्हणाला. "तुम्ही चाबूक उगारलात आणि मग खाली ठेवलात. जू उचलून पाहिलंत. खाली मांस उघडं पडलं होतं. वरून काही दिसत नव्हतं."

"माझ्या खांद्यावर कुठे जू आहे?"

"ते मला दिसत नाही. म्हणून तर सांगतोय, ज्याला हात आहे त्याला सांगा. नाईकाला सांगा."

"काय सांगू? ताप नाही, जखम नाही."

"दुखतंय एवढं सांगा. मी तरी कुठे आणखी काही सांगितलं होतं? नुसता बसलो."

तेवढ्यात नाईक धापा टाकत वर आला. "काय झालं? बैल बसला?"

गाडीवान चाकाशीच खाली बसला.

"बैल नाही, नाईक. मी बसलोय."

नाईकाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग दरीकडे पाहिलं. मग मागे वळून तांड्याला हाक दिली, "थांबा रे! सोडा गाड्या!" माणसासाठी तांडा थांबला, तो पहिल्यांदा. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

बरा झाला म्हणता? लगेच नाही. त्याला घरी आणलं. वैद्याने काढा दिला आणि बजावलं, "हा रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा. आणि याला एकटं ठेवायचं नाही." सकाळी ओढ्यापर्यंत बैल मोकळे न्यायचे, एवढंच काम त्याला दिलं. पहिल्या दिवशी तो उंबऱ्यावरूनच परतला. दुसऱ्या दिवशी बायको बरोबर चालली. पुढे शेजारी पाळीपाळीने जाऊ लागले. कोणी उपदेश केला नाही. बरोबर चालले, बस.

मग रिकामी गाडी. मग थोड्या गोण्या. मध्येच एकदा नाईकाने घाई केली आणि पुरी गाडी भरली, तेव्हा गडी पुन्हा आडवा झाला. नाईकाने आपल्याच हाताने गोण्या उतरवल्या आणि पुन्हा रिकाम्या गाडीपासून सुरुवात केली. बैलाच्या बाबतीत त्याने अशी घाई कधीच केली नसती.

एका सकाळी ओढ्यावर त्याने तुटलेली घुंगुरमाळ ओवायला घेतली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या हंगामात चढावर गाणं ऐकू आलं. आवाज आधीपेक्षा जरा खाली होता, पण मागच्या गाड्या त्यावर चढल्या.

बांड्याच्या खांद्यावर जिथे जखम भरली होती, तिथे पांढरे केस आले होते. ते कोणी रंगवले नाहीत, लपवलेही नाहीत.

तेव्हापासून तांड्याचा नियम वाढला. बैलांचे खांदे पाहून झाले की नाईक प्रत्येक माणसापाशी बसायचा आणि विचारायचा, "तुझा खांदा कसा आहे?" खरं सांगावं लागे.

बरीच वर्षं गेली. एका संध्याकाळी नाईक सगळ्यांना विचारून उठला. सगळ्यांत पुढच्या गाडीच्या त्याच गाडीवानाने त्याचा हात धरला.

"नाईक, तुमचा?"

"माझं काय! मी ठीक आहे," नाईक म्हणाला. गाडीवानाने हात सोडला नाही.

नाईक विस्तवाकडे वळला. मग खाली बसला.

"दुखतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तांडा हलला नाही.

बोध एवढाच: मनाचं दुखणं वरून दिसत नाही; ज्याचं दुखतं त्याने सांगावं, आणि जो ऐकतो त्याने आधी जू उतरवावं.