अडलेलं पान

आमच्या चर्चच्या मंडळीत पंच उजागरेसाहेबांचा दरारा असा, की पाळकसुद्धा उपदेश आटोपता घेत. संडे स्कूलसाठी शिक्षिका निवडायची होती. साहेबांनी रूथबाईंना भर देवळात विचारलं, “मी बायबल सात वेळा संपवलंय. तुम्ही?”

“एकदाही नाही, साहेब. भावाला क्षमा करायला सांगितलंय ना, तिथंच वर्षभर अडकले होते. काल जाऊबाईंकडे जाऊन चहा घेतला, तेव्हा कुठं पान उलटलं.” रूथबाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. साहेबांनी ज्याच्याशी अबोला धरला होता, तो त्यांचा धाकटा भाऊ तिथं एकटाच बसला होता. “तुम्ही ते पान सातही वेळा कसं ओलांडलंत, तेवढं मला शिकवा.”

साहेब उठले, मागं गेले आणि भावाला म्हणाले, “सरक जरा.”