निजफळ आणि भिंत

एका राज्यात दोन नवलाची झाडं शेजारी शेजारी उभी होती. एक प्राणवेल, तिचा रस पोटात गेला की बहुतेक दुखणी पळून जात. दुसरा निजवृक्ष, वेलीलाही न हटणारं दुखणं असलं आणि दुखणेकऱ्याने स्वतः मागितलं, तर तो एक फळ देई. ते खाल्लं की माणूस झोपेतच सुटे. पण राजा वज्रसेनाने वेलीभोवती भिंत बांधली, रस राजघराण्यापुरता ठेवला आणि रयतेला निजफळं फुकट वाटायला काढली. वर दयाळू म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली! त्याच दिवशी शाप लागला आणि निजवृक्षावरची फळं दगडाची झाली.

सिदू रंगाऱ्याची हाडं आतून जळत होती. त्याची बायको आवडा रस मागायला भिंतीपाशी गेली, तर पहारेकऱ्यांनी हाकलून दिलं. मग सिदूनेच फळाचा हट्ट धरला; स्वतः मागितलं तर एखादं पिकेल, म्हणाला. तिने त्याला पाठुंगळी घेतलं आणि निजवृक्षाखाली आणलं. तिथे राजमाता खाटेवर पडली होती. रस पिऊन पिऊन थकली, पण गुण नव्हता, म्हणून तीही फळ मागायला आली होती. राजा उशाशी बसला होता.

फांदीवरच्या साळुंकीने सिदूला तीन प्रश्न घातले.

"फळ कोण मागतं?"

"मीच."

"दुखणं सोसवत नाही?"

"नाही."

"आणि वेलीचा रस मिळाला तर?"

सिदूच्या निळ्या हातांनी बायकोचा खांदा घट्ट धरला. "मग मला जगायचंय."

हे आवडाला ठाऊक होतं, पण तिने कधी विचारलं नव्हतं. विचारून देणार काय होती?

"राजा, ह्याला फळ देणं ही दया नव्हे," साळुंकी म्हणाली.

रस साऱ्यांना पुरायचा नाही, असं राजा पुटपुटला.

"पुरेल तितका वाट," राजमाता म्हणाली. "माझ्या वाटणीचा आधी दे."

राजाने स्वतः पहार उचलली. भिंत पडली. आवडाने ओंजळीने रस पाजला आणि सिदूच्या अंगातली आग विझली.

मग साळुंकीने राजमातेलाही तेच प्रश्न घातले. तिसऱ्याला ती हसली. "प्याले की गं पोटभर. आता निजू दे." फळ पिकलं आणि तिच्या ओटीत पडलं. राजा रडला, नको नको म्हणाला; शेवटी त्यानेच ते सोलून तिला भरवलं.

शाप सरला. वेलीची वाट साऱ्यांना मोकळी झाली. सिदू आपल्या पायांनी घरी निघाला, तेव्हा वाटेत आवडाने त्याला विचारलं, रात्रीला काय करू. किती दिवसांत तिने त्याला काही विचारलंच नव्हतं.