हळद लागलेली कॅमशाफ्ट

एका म्हाताऱ्या जीपचं इंजिन पुन्हा नव्याने बांधलं गेलं, त्या दिवसाची ही गोष्ट. गुलाब मिस्त्रीने नव्या कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या फिरत्या दांडीच्या, अंगाला घट्ट ग्रीस चोपडलं, नवरीला हळद लावावी तसं. ती मोहरून गेली.

पण इंजिन सुरू होताच मिस्त्रीने जी रेस वाढवली, ती कमी करायचं नावच घेईना.

"हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही, आणि हा मिस्त्री मला पळवतोय," ती डोक्यावर टेकून फिरणाऱ्या टॅपेटच्या नव्या ठोकळ्यावर कावली. "तूही नुसता गरगर फिरतोयस."

"मी न फिरता बसलो तर एकाच जागी घासून तुला खड्डा पडेल," टॅपेट म्हणाला. "आणि ही हळद कितीशी पुरणार? इंजिन हळू चाललं, तर खालचं तेल आपल्यापर्यंत उडणारच नाही."

तिला ते पटलं नाही. पण अंगावरचं ग्रीस पुसलं गेलं, आणि ती कोरडी पडणार तोच खालून तेलाचे ऊन ऊन थेंब तिच्यावर उडाले. टॅपेटचा खरखरीत स्पर्शही हळूहळू मऊ झाला.

मग मिस्त्रीने रेस सोडली. बॉनेटवर हात ठेवून तो कौतुकाने म्हणाला, "काय गुणगुणतंय बघा."

त्या गुणगुणण्यातून ती मिस्त्रीचेच उपकार मानत होती.