टांगा थांबला तेच ठिकाण

रत्नोजी राजांनी बोलावलेला टांगा आलाच नाही.

झालं होतं असं. उंबरगडात टांग्यासाठी कुणी रस्त्यात तिष्ठत उभं राहू नये, म्हणून राजांनीच एक सोय केली होती. दर चौकात मचाणावर एक हाकाऱ्या बसवलेला. आपण त्याला सांगायचं, त्यानं हाळी द्यायची आणि जवळच्या टांगेवाल्यानं लांबूनच 'आलोच' म्हणून ओरडायचं. सोय नामी होती. पण लोकांची तक्रार अशी, की हा 'आलोच' म्हणणारा काही येत नाही. आलाच तर आधी विचारतो, कुठं जायचंय? गाव लांबचं निघालं, की घोड्याचा नाल निघालाय म्हणून सांगतो आणि टांगा वळवतो.

राजांना हे पटेना. मग एके सकाळी साधं मुंडासं बांधून ते स्वतःच चौकात उभे राहिले आणि लांबच्या एका गावाचं नाव घेत राहिले. तीन टांगे आले, तिन्ही घोड्यांचे नाल निघाले. चौथा 'आलोच' म्हणाला होता, तो अजून यायचाच आहे.

राजे तापले. तिसरा टांगा रखमाजीचा होता, त्यालाच दरबारात उभं केलं.

"विचारल्याशिवाय तुझं चाक फिरत नाही, होय ना? उद्या तुझ्या टांग्यात मी बसतो. कुठं जायचं ते मी सांगणार नाही, आणि विचारायचंही नाही. बरोबर ठिकाणी पोचवलंस तर माग काय हवं ते. चुकलास तर टांगा आणि घोडी सरकारजमा."

रखमाजी घरी आला तो पानावर बसेना. टांगा गेला तर खायचं काय, आणि मैना घोडी गेली तर जगायचं कसं, हे दोन्ही प्रश्न त्याला सारखेच वाटत होते. त्याची मुलगी तानी मैनेला खरारा करत होती. बापाला ताप आला की लगाम तीच धरायची. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, खरारा काही थांबवला नाही. मग म्हणाली, "तात्या, जेवून घ्या. राजांनी टांगा मागितलाय. हाकणारा कोण, ते कुठं सांगितलंय? उद्या मी जाते."

सकाळी टांग्यावर पोर बघून राजांना गंमत वाटली. बरोबर स्वार नको म्हणाले, मागच्या बाकावर ऐसपैस बसले आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. तानीनंही काही विचारलं नाही. चक् चक् केलं, मैना निघाली.

महालाला वळसा घालून टांगा बाजारात आला, तिथून वेशीबाहेर पडला. राजे मिशीतल्या मिशीत हसत होते. ओढ्याशी टांगा थांबला तसे म्हणाले, "काय गं, पोचलो वाटतं?"

"छे, महाराज. मैनेला तहान लागलीय. आपण बसा निवांत."

पुढं रस्ता खडकाळ लागला. राजे एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. ऊन चढलं. तानीनं अर्धी भाकरी आणि ठेचा पुढं केला. राजे आधी नको म्हणाले, मग त्यांनी उरलेली अर्धीही मागून घेतली. एवढं होऊनही कुठं जायचंय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तानीनं विचारलं नाही.

दिवस कलला तेव्हा नदी लागली. पलीकडे शेजारच्या उदाजी राजांची हद्द. एका लग्नात मानाचा विडा आधी कुणाला, यावरून या दोघांचं बोलणं बंद झालेलं. राजे सावरून बसले. नदीपलीकडची चौकी दिसत होती, पहारेकरी उठून बघायला लागले होते. अशा माणसाच्या दारात, न बोलावता, भाड्याच्या टांग्यातून, धुळीनं माखून जायचं म्हणजे जन्माचं हसू. राजे खाकरले. तानीनं वळून पाहिलं नाही. मैनेचे पुढचे पाय पाण्यात गेले.

"थांब! थांब, पोरी! मला इथंच उतरायचंय!"

तानीनं लगाम खेचला तोवर चाकंही पाण्यात गेली होती. ती खाली उतरली आणि तिनं हात जोडले. "पोचलो, महाराज."

"पोचलो? अगं, मला महालाच्या मागच्या दारी जायचं होतं!"

"त्या दारावरनं सकाळीच गेलो की. तेव्हा आपण थांब म्हणाला नाहीत."

सांगायचं नाही ही अट राजांचीच होती.

"टांगेवाल्याला दुसरं काय कळणार, महाराज?" तानी सावकाश म्हणाली. "न सांगता बसलेली सवारी जिथं 'इथंच उतरायचंय' म्हणते, तेच तिचं ठिकाण. बाकी मनातलं आम्हाला दिसत नाही."

राजे एव्हाना खाली उतरून, पायातले जोडे हातात घेऊन पाण्यात उभे होते. आधी त्यांची मिशी हलली, मग पोट हललं, आणि मग ते इतके हसले, की पलीकडचे पहारेकरीही हसायला लागले.

हसू ओसरल्यावर राजांनी विचारलं, "आणि मी इथंच राहिलो असतो, तर तू काय केलं असतंस?"

"रिकामा टांगा घेऊन एवढी वाट परत गेले असते. जाताना सवारी नाही, म्हणून मैना काही अर्धी चंदी खात नाही. लांबच्या गावाचं नाव ऐकलं, की नाल निघतात ते त्यामुळं."

राजे टांग्यात चढले, ते पुढं, तानीच्या शेजारी. परतीच्या वाटेवरच त्यांनी ठरवून टाकलं. सवारीनं गाव हाकाऱ्यालाच सांगायचं, लांबच्या गावाला परतीचं भाडंही द्यायचं, आणि एवढं झाल्यावर जो 'आलोच' म्हणेल त्यानं आलंच पाहिजे. तानीला त्यांनी नवाकोरा टांगा दिला, आणि मैनेला जन्मभर राजाच्या पागेतली चंदी.