भोक पाडलेलं घंगाळ

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा नद्यांना नावंसुद्धा पडलेली नव्हती. पण आपल्याला सगळं कळतं, असं माणसांना तेव्हाही वाटायचं. ती खोड जुनी आहे.

एका मोठ्या नदीच्या काठी नावाड्यांचं गाव होतं. पुढच्या दाराला पाणी, मागच्या दाराला पाणी. पाहुणा आला की तांब्या भरून पुढे, भांडण मिटलं की तांब्या भरून पुढे. 'पाण्याला नाही म्हणू नये' हे तिथलं पोर बोलायला लागायच्या आधी शिकायचं.

त्या गावात एक रीत होती. नवी सून माहेराहून एक रोप घेऊन यायची. ते दाराशी तांब्याच्या घंगाळात लावायचं, आणि उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येकानं त्यात तांब्याभर पाणी ओतायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त माया. पावसाळा सरला की नावा पुन्हा नदीत उतरायच्या, आणि त्या दिवशी सून ते रोप मांडीवर घेऊन पहिल्यांदा नावेत बसायची. रोप जगलं असेल तर सून गावाची झाली. मेलं असेल तर तिला पलीकडच्या काठावर सोडून यायचे. कायमची.

झाड मेलं तर दोष सुनेचा! वा रे न्याय! पण मला कोण विचारतो? आणि खरं सांगायचं तर आजवर एकही रोप मेलं नव्हतं. सगळ्या सुना नदीकाठच्याच. कुणी अळू आणलं, कुणी कर्दळ. ही झाडं चिखलातच आनंदात. घंगाळात डुंबायला मिळालं की ती खूश, आणि गाव म्हणायचं, बघा आमची माया!

मग गावातल्या धाकू नावाड्यानं लांबच्या कोरड्या माळावरची मुलगी करून आणली. तिचं नाव सगुणा. माळावरून आलेली पोर सोबत आणणार काय? तिच्या आईच्या दारातली कोरफड होती, तिचं एक पिल्लू तिनं ओच्यात घालून आणलं. जाड, गरदार पानं, कडेला बारीक काटे.

सासूचं नाव गोदाक्का. आवाज असा की ऐलतीरावरून हाक मारली तर पैलतीरावरची म्हैस मान वर करायची. पण मन लोण्याचं. तिनं आपलं लग्नातलं घंगाळ घासूनपुसून लख्ख केलं, त्यात नदीचा काळा गाळ भरला आणि कोरफड लावली. रोपाकडे बघून ती हळहळली, "अगं बाई, किती बारकं आहे हे! माहेरी पाणी दाखवलं नाहीत वाटतं याला?"

"आत्याबाई, याला फार पाणी लागत नाही," सगुणा हळूच म्हणाली.

"इश्श! पाणी लागत नाही असं कधी झालंय? लाजू नकोस हो. इथं पाण्याला तोटा नाही." आणि गोदाक्कानं पहिला तांब्या ओतला.

सगुणा गप्प बसली. नवी नवरी, दुसऱ्याचं घर, आणि सासू तर प्रेमानं बोलतेय. अशा वेळी तोंड कसं उघडावं? तुम्ही उघडलं असतंत? खरं सांगा.

मग सुरू झालं. दूधवाली आली, तिनं ओतलं. शेजारीण मीठ मागायला आली, तिनं ओतलं. धाकू दिवसातून जितक्या वेळा घरात शिरायचा तितक्या वेळा ओतायचा, नव्या नवऱ्याचा उत्साह, दुसरं काय! वरून पाऊस लागला, तो निराळाच. आणि घंगाळाला खाली भोक नाही. नावाड्यांच्या गावात भोक म्हणजे मरण. नावेला भोक पडलं की नाव बुडते. भोकाचं मडकं फक्त शेवटच्या वाटेवर, माणसाबरोबर जातं. दारात तसलं भांडं ठेवायचं नावसुद्धा कुणी काढायचं नाही.

पाऊस ओसरायला लागला तशी कोरफड पिवळी पडली. पानं मऊ झाली, आतून पाणी दिसावं अशी. एक पान तर सगुणानं नुसतं बोट लावलं आणि गळून हातात आलं.

ते बघून गोदाक्का घाबरली. ही पोर तिला मनापासून आवडली होती. सकाळी उठून चूल पेटवायची, गाणं म्हणायची, सासूच्या मोठ्या आवाजाला घाबरायची नाही. आणि आता हिला पलीकडच्या काठावर सोडायचं? गोदाक्कानं डोळे पुसले आणि तिच्या जिवाला जे सुचलं ते केलं. दुप्पट पाणी ओतलं.

एवढ्यावर थांबली असती तर ती गोदाक्का कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आख्ख्या गावाला हाक घातली. "माझ्या सुनेचं रोप सुकतंय. ज्याच्या मनात माया असेल त्यानं तांब्या घेऊन या!"

आणि गाव आलं हो! घाटापासून दारापर्यंत रांग लागली. म्हातारे, पोरंटोरं, गावाचा प्रमुख तांडेलसुद्धा. प्रत्येकाच्या हातात भरलेला तांब्या. रांगेत सगळ्यात पुढे गोदाक्का.

तिनं तांब्या तिरका केला, आणि सगुणानं तिचा हात धरला.

"पुरे!"

गोदाक्का बघतच राहिली. सुनेनं सासूचा हात धरावा? तोही चारचौघांत?

"पुरे झालं, आत्याबाई! आता एक थेंबही नको." सगुणाचा आवाज कापत होता, पण हात नाही. "हे सुकत नाहीये. हे बुडतंय. मी पहिल्या दिवशीच ओरडायला हवं होतं, ते आज ओरडते."

मागून तांडेल पुढे आला. उंच, रागीट माणूस, नदीवर त्याचाच शब्द चालायचा. "पोरी, या गावात पाण्याला नाही म्हणत नाहीत. पाण्याला नाही म्हणणारी गावाला नाही म्हणते."

"मग म्हणते, तांडेलमामा. नाही! नाही म्हणजे नाही!"

एवढं बोलून तिनं घंगाळ दोन्ही हातांनी उचललं आणि अंगणात पालथं केलं. काळं, बुळबुळीत पाणी भसकन् बाहेर आलं. असा वास सुटला की रांगेतल्यांनी पदर आणि उपरणी नाकाला लावली. कोरफडीच्या मुळ्या हातात घेतल्या की निसटत होत्या, कुजून लिबलिबीत झालेल्या.

"ही बघा," सगुणा म्हणाली, "ही तुमची माया."

गोदाक्कानं भरलेला तांब्या जमिनीवर ठेवला.

सगुणानं विळी आणली. कुजलेलं सगळं कापून टाकलं. कापत गेली, कापत गेली, घट्ट पांढरा गाभा लागेपर्यंत. मुळ्या जवळजवळ उरल्याच नाहीत. मग तिनं त्या बोडक्या कोरफडीला सुतळी बांधली आणि ती दाराच्या चौकटीला टांगली. ना माती, ना पाणी.

नंतर तिनं मोठा खिळा घेतला, दगड घेतला, आणि सासूच्या लग्नातल्या घंगाळाच्या बुडाला ठाण् ठाण् भोकं पाडायला लागली.

"अगं थांब!" धाकू ओरडला. "अशुभ असतं ते!"

"नावेत पाणी येऊ नये म्हणून तुम्हाला भोक नको," सगुणा मान वर न करता म्हणाली. "हिच्यातून पाणी जावं म्हणून मला भोक हवं. नाव आणि कुंडी एक नव्हे, धनी."

तांडेलचा चेहरा लालबुंद झाला. "नावा उतरायला दोनच महिने उरलेत. हे झाड मेलं तर तुला मी स्वतः पलीकडे सोडून येईन."

"मेलं तर मी आपल्या पायानं जाईन. पण तुम्ही बुडवून मारलंत आणि मी बघत बसले, असं आईला जाऊन सांगणार नाही."

लोक तांब्ये तसेच भरलेले घेऊन घरी गेले. त्या दिवसापासून गोदाक्का सुनेशी बोलेना. तिला राग आला होताच, पण रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. ज्या हातानं आपण कुरवाळलं त्याच हातानं मारत होतो, हे कळल्यावर माणसाला अन्न गोड लागतं होय?

सगुणालाही धीर नव्हता बरं का. दिवसभर ताठ मानेनं फिरायची, आणि दारातून जाता-येता चोरून वर बघायची. पण कोरफड ती कोरफड! कापलेली जागा वाळून कडक झाली. पिवळेपणा पुढे सरकायचा थांबला. टांगल्या जागी, नुसत्या वाऱ्यावर, ती जिवंत राहिली.

मग सगुणा नदीवर गेली आणि जाड, खरबरीत वाळू घेऊन आली. गोदाक्का इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "वाळू कशाला?"

"तुमच्या नदीनं पाणी दिलं तशी वाळूही दिलीय, आत्याबाई. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही." वाळूत मूठभर माती कालवून तिनं कोरफड त्या भोकाच्या घंगाळात लावली, आणि तशीच कोरडी ठेवली.

आता गोदाक्काचं काय झालं ऐका. तिला पटलं, आणि जरा जास्तच पटलं! ती दारात काठी घेऊन बसायला लागली. कुणी तांब्या घेऊन आलं की, "हात लावशील तर याद राख! माझ्या सुनेच्या झाडाला पाणी चालत नाही!" धाकूला तर हात धुऊन कोरडे केल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता. कोरफडीनं वाळूत नवी मुळं धरली तरी पहारा काही उठला नाही.

होता होता कोरफडीची पानं बारीक झाली. फुगीर होती ती आत वळली, सुरकुतली. गोदाक्का पुन्हा घाबरली. "अगं, आता काय झालं हिला? मी तर एक थेंबही पडू दिला नाही!"

सगुणानं मातीत बोट खुपसलं, पार तळापर्यंत. माती कोरडी ठणठणीत होती. आणि ती हसली, कितीतरी दिवसांनी हसली.

"आता तहान लागलीय हिला. द्या तो तांब्या."

गोदाक्कानं जपून, चमचाभर द्यावं तसं तांब्याचं तोंड वाकवलं.

"अहो, असं चाटवताय काय? पोटभर पाजा! पानांवर नको, शेंड्यात नको, बुडाशी मातीत घाला. खालून वाहीपर्यंत."

गोदाक्कानं ओतलं. ओतत राहिली. खालच्या भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि अंगणातून वाहत गेल्या. गोदाक्का डोळे विस्फारून बघत होती. "म्हणजे पिते की गं ही!"

"पिते तर! पाणी कुणाला नको असतं? पाजायचं आणि मग थांबायचं. माती सुकली, तिनं मागितलं, की पुन्हा द्यायचं. तोवर तिला तिच्या वाटेनं जगू द्यायचं."

गोदाक्कानं तांब्या खाली ठेवला. "पोरी," ती म्हणाली, "तू माझा हात धरलास ना, तो आणखी आधी धरायला हवा होतास."

"भीती वाटली, आत्याबाई."

"माझी?"

"तुमच्या मायेची."

नावा उतरायचा दिवस आला. सगळं गाव घाटावर. सगुणा भरल्या पानांची, टवटवीत कोरफड घेऊन आली, आणि तिच्या बुडाशी एक इवलंसं पिल्लू डोकं वर काढून उभं होतं. तांडेलनं पान अंगठ्यानं दाबून बघितलं. पान दगडासारखं घट्ट होतं. त्याला नाही म्हणायला जागा उरली नाही.

पण माणूस हरला की काहीतरी शोधतोच. "रोप जगलं, कबूल," तो म्हणाला. "तू बस नावेत. पण ते भोकाचं भांडं नावेत चढणार नाही. रोप काढून दुसऱ्या भांड्यात घे."

सगुणानं घंगाळ छातीशी धरलं. "दुसऱ्या भांड्यात ती पुन्हा बुडेल. भांडं चढणार नसेल तर मीही चढणार नाही. न्या तुमच्या नावा!"

धाकू एकदा बायकोकडे बघे, एकदा तांडेलकडे.

तेवढ्यात गर्दीतून गोदाक्का पुढे आली. तिनं सुनेच्या हातातून घंगाळ घेतलं, लुगडं खोचलं आणि सरळ पहिल्या नावेत जाऊन, ते मांडीवर घेऊन बसली. भोकांतून चार थेंब गळले, तिच्या लुगड्यावर पडले. तिनं ते पुसलेसुद्धा नाहीत.

"ये गं सगुणा, बस माझ्या शेजारी," ती म्हणाली. मग तिनं तांडेलकडे बघितलं, आणि आवाज असा लावला की पैलतीरावरच्या म्हशीनं मान वर केली. "आणि तांडेल, तुझ्यात धमक असेल तर उतरव मला!"

गोदाक्काला नावेतून उतरवणारा त्या नदीवर अजून जन्मायचा होता. तांडेलनं घसा खाकरला, आकाशाकडे बघितलं, आणि दोर सोडायला सांगितलं. नाव निघाली. भोकाचं भांडं घेऊन निघाली आणि बुडाली नाही.

पुढच्या वर्षी तांडेलच्या घरात सून आली, तीही माळावरची. तांडेलची बायको लख्ख घासलेलं घंगाळ पदराखाली झाकून गोदाक्काच्या दारी आली आणि हळूच म्हणाली, "तो खिळा देता का जरा?"

गोदाक्कानं खिळा दिला, दगडही दिला. आणि पलीकडच्या काठावर सून सोडून यायच्या रीतीचं पुन्हा कुणी नावही काढलं नाही.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: द्यायचं ते समोरच्याची तहान बघून द्यावं, आणि आपल्याला तहान नसेल तर देणाऱ्याचा हात धरावा, मग तो हात कितीही प्रेमाचा का असेना.