राक्षसाचा थाळा आणि दोन नळ्या

फार म्हणजे फारच जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजा म्हणून राक्षसही चालत असे.

एका डोंगरात असाच एक राक्षस राजा होता. दुपार झाली की त्याला भाकऱ्या लागत. वेळेवर मिळाल्या तर जेवून शहाण्यासारखा झोपायचा. नाही मिळाल्या तर गुरगुरायचा. पहिल्या गुरगुरीला भांडी हलायची. दुसरीला भिंतीला तडा जायचा. तिसरीला तो भिंत फोडून स्वतः जेवण घ्यायला यायचा. जेवण म्हणजे समोर जे उभं असेल ते.

पूर्वी त्याच्या मुदपाकखान्यात सगळे एकाच पातेल्याभोवती राबायचे. एकदा तिघांनी एकाच आमटीत मीठ घातलं. प्रत्येकाला वाटलं, घालायचं राहिलंय. राजानं आमटी चाखली, बाजूला ठेवली आणि तिघांना खाल्लं. तेही खारटच निघाले म्हणे.

मग मुदपाकखाना सांभाळणाऱ्या सासूबाईंनी कायदा केला. ज्याची त्याची खोली वेगळी. मधे जाड भिंत आणि भिंतीत दगडी नळ्या. एका नळीतून वस्तू फक्त जाणार, दुसरीतून फक्त येणार. गेलेल्या वस्तूत नंतर बदल नाही; भाकरी करपली तर नवी थापायची. आणि पलीकडच्यानं धरेपर्यंत आपण सोडायचं नाही, कारण प्रत्येक नळीच्या मधोमध भोक होतं आणि भोकाखाली दरी.

कायदा चांगला होता. सात वर्षं कुणीच खाल्लं गेलं नाही.

पहिल्या खोलीत सासूबाईंची थोरली सून दळायची. मधल्या खोलीत धाकटी भाकऱ्या थापायची. शेवटच्या खोलीत राजा. धाकटी थाळ्यात भाकरी ठेवून नळीत सरकवायची. राजा ती घ्यायचा, खायचा आणि रिकामा थाळा परतीच्या नळीत धरायचा. तो तिनं घेतला की मग पुढची भाकरी. थाळा दगडी होता, धरायला दोन्ही हात लागायचे.

धाकटीनं राजाला कधी पाहिलं नव्हतं. नळीच्या टोकाशी यायची ती नखं तेवढी पाहिली होती. तेवढ्यावर तिची सात वर्षांची झोप गेली होती.

एके दुपारी भाकरीला जरा उशीर झाला आणि भांडी हलली. धाकटीनं त्याचा धसकाच घेतला. दुसऱ्या दिवशी ती फार हुशारीनं वागली. पहिली भाकरी गेल्या गेल्या तिनं जास्तीचा थाळा काढला, दुसरी भाकरी त्यात ठेवली आणि रिकाम्या थाळ्याची वाट न बघता नळीत सरकवली.

पलीकडून कुणी घेईना.

ती धरून उभी राहिली. दंड भरून आले. चूल विझायला लागली.

इकडच्या भिंतीतून थोरलीचा आवाज आला, "अगं धाकटे, पीठ घे की! किती वेळ धरून बसू?"

"कसं घेऊ, जाऊबाई? हातात भाकरी आहे."

"मग दे ती."

"तो घेत नाहीये."

"झोपला असेल."

तेवढ्यात पहिली गुरगुर आली. भांडी खणखणली.

"नाही झोपला," थोरली म्हणाली.

"जाऊबाई, मला काही झालं तर..."

"काही होऊ देऊ नकोस. तू गेलीस की तुझी चूल माझ्या गळ्यात. मला धूर सोसत नाही."

दुसरी गुरगुर आली. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि माती थेट भाकरीवर पडली. पण त्या भीतीतही धाकटीच्या कानांनी एक गोष्ट टिपली. आवाज भाकरीच्या नळीतून आला नव्हता. परतीच्या नळीतून आला होता.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "तो तिकडे उभा आहे. रिकामा थाळा धरून. मी घेईन म्हणून तो थांबलाय, आणि तो घेईल म्हणून मी थांबलेय."

"मग त्याचा घे ना!"

"त्या नळीत हात घालू? नखं आहेत तिथे!"

"आणि तो भिंत फोडून आला तर नखं घरी ठेवून येणार आहे का?"

धाकटीनं भाकरीचा थाळा मागे ओढला आणि चुलीपाशी ठेवला. परतीच्या नळीपुढे गेली. आत काळोख होता आणि गरम श्वास. तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले.

बोटांना गार दगड लागला. त्याच्या शेजारी एक नख लागलं, विळ्याएवढं. तिनं थाळा घट्ट धरला आणि ओढला.

नख बाजूला झालं.

थाळ्यात एक पगडी होती. प्रधानांची. प्रधान रोज राजाच्या शेजारी बसून त्याला वारा घालायचे.

तिनं माती पडलेली भाकरी टाकली आणि नवी थापली. घाईत ती गोलही झाली नाही. भाजली आणि नळीत सरकवली. पलीकडून लगेच ओढली गेली. मग सात वर्षांत पहिल्यांदा राजा बोलला.

"बाई, कधीपासून थाळा धरून उभा आहे. हात गळून पडायची वेळ आली."

"मग सोडायचा होतात, महाराज."

"सासूबाईंचा कायदा आहे," राजा दबक्या आवाजात म्हणाला. "हात मोकळे नव्हते, म्हणून प्रधानांना तसंच तोंडानं उचललं. भूक फार लागली होती."

त्या दिवसापासून धाकटी आधी परतीच्या नळीतला थाळा घ्यायची आणि मगच भाकरी सरकवायची. पुढे पुन्हा कुणी खाल्लं गेलं नाही. प्रधानांची जागा मात्र रिकामीच राहिली. दवंडी तीनदा पिटली, अर्ज एकही आला नाही.

तात्पर्य: समोरच्याचं घेतल्याशिवाय आपलं द्यायला धावलं, की दोघंही अडकतात आणि जीव शेजारच्याचा जातो.