अळूच्या पानावरचं उसनं

बकुळाच्या घरी सकाळपासून चूल पेटली नव्हती. तिची आई गजरे करून विकायची, आणि परीच्या बागेतली फुलंच उमलायची थांबली होती. शुभ्र मोगरा, केशरी अबोली, पिवळीधमक शेवंती, सगळ्यांच्या कळ्या राखाडी होऊन मिटून बसल्या होत्या. "कालची पेज आहे थोडी, ती तू घे. मला भूक नाही," असं म्हणून आईनं रिकामी परडी उलटी करून ठेवली.

फुलं का उमलत नाहीत, हे साऱ्या लखूवाडीला ठाऊक होतं. बागेच्या मधोमध परीचं इवलंसं तळं होतं. त्यात पाणी नव्हतं, उजेड होता: सोनेरी, निळा, मोरपंखी, झुळझुळणारा. त्या उजेडावरच बाग फुलायची. पण परी पडली भाबडी. कुणी मागितला की ओंजळभर उजेड उसना द्यायची आणि परत आणून दे हं, एवढंच सांगायची. मग काय विचारता! कुणी जोडे लखलखवले, कुणी दाराची कडी. दिमाखरावांनी तर फेटा असा चमकवून घेतला, की त्यांचा कोंबडा भरदुपारी आरवायला लागला. परत द्यायचं नाव नाही. उलट जुनी चमक उडाली की मंडळी नवी मागायला हजर. शेवटी तळ्याचा तळ दिसू लागला.

बकुळानंही एक ओंजळ घेतली होती. जत्रेला जाताना आपला विटका परकर चमकावा म्हणून. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, घे गं, परत द्यायचं मग बघू. परकराची चमक जत्रेतच उडून गेली. उसनं मात्र तसंच राहिलं.

आता चावडीवर रोज भांडण जुंपायचं. यानं जास्त घेतला, त्यानं आधी घेतला. दिमाखराव तर छातीठोकपणे सांगत, की चूक परीचीच, तिनं दिलाच कशाला? ते ऐकता ऐकता बकुळाला उपाशी आई आठवली. ती उठली आणि थेट बागेत गेली.

परी तळ्याकाठी बसली होती. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे फिके पडले होते.

"परीताई, तुझी एक ओंजळ माझ्याकडे आहे," बकुळा म्हणाली. "म्हणजे आता उरली नाही. पण घेतली मीच होती."

परी तिच्याकडे बघतच राहिली. असं म्हणत आजवर कुणी आलं नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, की चूक तिचीही होतीच. कुणाला किती झेपेल हे न विचारताच ती देत सुटली. तिच्या चिमुकल्या कांडीत आता एकच इच्छा उरली होती.

"ती तू घे. म्हणशील तर तुझं उसनं माफ करते. पण तिला नियम आहे, बाळ. माफ केलेला उजेड कुणाच्या तरी वाट्यातून जातो. तुझी ओंजळ माफ झाली, तर तो मोगरा पुन्हा कधीच उमलणार नाही."

माफी बकुळाला हवी होती, खोटं कशाला सांगा! हो म्हणावं आणि घरी पळावं, असं तिला फार वाटलं. तिनं त्या मुक्या कळ्यांकडे पाहिलं.

"माफी नको, परीताई. मी फेडीन. मला फक्त मुदत दे."

परीनं कांडी फिरवली. गुलाबी ठिणग्यांचा लहानसा पाऊस पडला आणि उसनं फिटेपर्यंत कळ्या सुकणार नाहीत, अशी बागेला मुदत मिळाली. फेडायची रीत परीनंच सांगितली. सूर्याचा पहिला किरण दवाच्या थेंबात शिरला, की तो थेंब अळूच्या पानावर घ्यायचा आणि तळ्यात सोडायचा. आपला थेंब आपणच आणायचा. सांडला तर उद्या पुन्हा.

आता अळूच्या पानावर थेंब ठरतो का कधी! मोत्यासारखा टपोरा, पण भारी द्वाड. इकडे घरंगळे, तिकडे घरंगळे आणि टपकन मातीत. लोक हसले. एकदा तर बकुळा वाटेतच बसून रडली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा पान घेऊन निघाली, श्वास रोखून, पाऊल जपून.

आणि एका सकाळी तिचा थेंब तळ्यात पडला, तशी ओंजळभर सोनेरी लाट उसळली.

"फिटलं," परी म्हणाली.

मोगरा फुलला! बकुळा त्याच विटक्या परकरात, ताठ मानेनं चावडीवरून घरी गेली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेवर दिमाखराव उभे होते. डोक्यावर फेटा नव्हता, हातात अळूचं पान होतं आणि थेंब केव्हाच सांडला होता. "बकुळाताई," ते खाली बघत म्हणाले, "हे जमतं कसं, शिकवतेस का?"

"सावकाश चालायचं," बकुळा म्हणाली, "आणि दुसऱ्याच्या पानाकडे बघायचं नाही."

मग त्यांच्यामागून सारी लखूवाडी निघाली. हळूहळू तळं काठोकाठ भरलं. केशरी, जांभळ्या, पोपटी उजेडात परीचे पंख लखलखले. तिनं बकुळाचे इवले तळवे हातात घेतले. ते हात ज्या कळीला लागतील ती नेहमी उमलेल, असा वर दिला आणि म्हणाली, "हे उसनं नाही हं, तुझं आहे." बघता बघता ती त्या उजेडातच विरून गेली.

बकुळा भरली परडी घेऊन घरी आली. आईनं घाबरून विचारलं, की एवढी फुलं कुणाकडून आणलीस, परत कधी द्यायची?

"कुणाचं काही देणं नाही, आई," बकुळा म्हणाली. मायलेकी उंबऱ्यात बसल्या आणि गजरे ओवू लागल्या.